मराठी शिकणाऱ्या मोठ्या माणसांशी कसं बोलावं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकरीसाठी, मजुरीसाठी, लग्नामुळे किंवा बदली होऊन महाराष्ट्रात आलेली माणसं मराठी शिकतात ती फक्त वर्गात नाही. सोसायटीतले शेजारी, ऑफिसातले सहकारी, भाजीवाल्या मावशी, सासूबाई, बँकेतला कारकून, या सगळ्यांशी बोलून ती शिकतात. खालचे प्रश्न अशाच मराठी बोलणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येतात. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मोठ्या माणसाला मराठी बोलता यायला किती वेळ लागतो? वर्षभरात यायला नको का?

महाराष्ट्रात किती वर्षं काढली यापेक्षा रोज किती वेळ मराठी कानावर पडते आणि तोंडून निघते, हे महत्त्वाचं. अंदाजासाठी एक मोजमाप घ्या. जर्मनीत बाहेरून आलेल्या प्रौढांसाठी सरकारी इंटिग्रेशन कोर्स असतो. त्यात भाषेच्या ६०० तासिका असतात, प्रत्येकी ४५ मिनिटांच्या, आणि त्यातून गाठायची असते बी१ पातळी, म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर करता येणं. हे झाले वर्गातले ४५० तास. एखादा माणूस कामधंदा सांभाळून मराठीला रोज अर्धा तास देत असेल, तर तेवढे तास भरायला ९०० दिवस, म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं लागतील.

हिंदी, गुजराती किंवा कोकणी बोलणाऱ्यांचं काम यापेक्षा लवकर होतं, कारण शब्द आणि वाक्याची ठेवण ओळखीची असते. हिंदी आणि नेपाळी वाचणाऱ्यांना लिपीही नव्याने शिकावी लागत नाही. तमिळ किंवा मल्याळम बोलणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. सगळ्यांच्या बाबतीत समजणं आधी येतं आणि बोलणं बऱ्याच महिन्यांनी. त्यामुळे गप्प बसलेल्या माणसाला काही कळत नाही असं धरून चालू नका.

२. त्यांची मुलं सहा महिन्यांत फाडफाड मराठी बोलायला लागली. आई-वडीलच का मागे?

मुलांना शाळेत दिवसाचे पाच-सहा तास मराठी ऐकायला मिळते आणि त्यांच्याकडून अपेक्षाही छोट्या वाक्यांचीच असते. आईला मात्र पहिल्याच आठवड्यात घरमालकाशी भाड्याचं बोलावं लागतं. उच्चारात मुलं पुढे जातात हे खरं. नियम समजून घेण्यात मोठी माणसं सुरुवातीला मुलांपेक्षा वेगाने पुढे सरकतात. मुलासमोर ही तुलना करू नका. मूल आईला टोकायला लागतं आणि आई त्याच्यासमोर मराठी बोलणं टाळू लागते.

३. समोरचा मराठीत सुरुवात करतो आणि अडखळतो. मी पटकन हिंदीत बोलून मदत केली तर बिघडलं काय?

बरंच बिघडतं. हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो आणि आमच्या मते तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे. आपल्याकडची अधीरता रागाने क्वचित व्यक्त होते. बहुतेक वेळा ती सौजन्याच्या रूपात येते. समोरचा म्हणतो, "दादा, हे… केवढ्याला…" आणि आपण लगेच म्हणतो, "पचास रुपया." त्याचं काम झालं, आपला वेळ वाचला. पण त्याने मनात जुळवलेलं वाक्य वाया गेलं आणि आपल्या मराठीत काम होत नाही, एवढंच तो त्यातून शिकला. दिवसभरात दुकानदार, रिक्षावाले, लिफ्टमधले शेजारी असं दहा जणांनी केलं की दुसऱ्या दिवशी तो हिंदीतूनच सुरुवात करतो. मग आपण म्हणतो, ही माणसं शिकतच नाहीत.

पहिलं उत्तर मराठीतच द्या, पाच-सहा शब्दांचं. कळलं नाही असं दिसलं तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणा. शब्द बदललात तर त्याला दुसरं वाक्य पहिल्यापासून उलगडावं लागतं. तरीही अडलं तर अडलेला तेवढा शब्द हिंदीत सांगा आणि वाक्य मराठीतच ठेवा: "पावती जपून ठेवा. जपून, संभालकर. पावती जपून ठेवा." एवढं करूनही जमलं नाही तर खुशाल हिंदीत बोला. या सगळ्याला अर्धं मिनिटही लागत नाही.

चेहरा किंवा आडनाव पाहून हिंदीत सुरुवात करणं हीही त्यातलीच सवय. मणिपूरहून किंवा केरळहून आलेल्या माणसाशी पहिलं वाक्य मराठीत बोलून पाहा. पुण्यात जन्म काढलेली माणसंही या अंदाजाला कंटाळलेली असतात. हिंदीत लगेच वळायलाच हवं असे प्रसंगही असतात. ते प्रश्न १२ मध्ये आहेत.

४. थांबायचं म्हणजे नेमकं किती वेळ?

निदान तीन सेकंद. अमेरिकेतील शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं होतं. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सुमारे एक सेकंदच थांबत. ती वेळ तीन सेकंदांपर्यंत नेली की मुलांची उत्तरं लांबली आणि उत्तर न येण्याचं प्रमाण घटलं. ती मुलं तर आपल्याच भाषेत बोलत होती. परक्या भाषेत बोलणाऱ्याला तीनच्या जागी पाच सेकंद लागले तरी ते जास्त नाहीत.

त्या शांततेत त्याचं काय चाललेलं असतं ते पाहा. त्याला म्हणायचं आहे, "तो रस्त्यावर उभा आहे." शब्द आठवला, रस्ता. पण "रस्तावर" चालत नाही, आधी "रस्त्या" करायचं, मग "वर" जोडायचं. "पाणी"चं "पाण्यात" होतं, "दुकान"चं "दुकानात", "पिशवी"चं "पिशवीत". आपण लहानपणापासून हे न कळत करतो. तो एकेक जोड हाताने बसवत असतो. अशा वेळी मध्येच शब्द पुरवला की जोडलेलं सुटतं आणि त्याला पुन्हा सुरुवात करावी लागते.

मनातल्या मनात एक, दोन, तीन मोजा. नजर त्याच्याकडे ठेवा, पण रोखून पाहू नका. मोबाइल हातात घेऊ नका, कारण तो घाईची खूण वाटतो. त्याने हातवारे केले, तुमच्याकडे प्रश्नार्थक पाहिलं किंवा "काय म्हणतात…" असं म्हटलं, की शब्द द्या. मागितलेला शब्द लक्षात राहतो.

५. हळू बोलायचं म्हणजे कसं? मी मोठ्याने आणि तोडून बोलतो, तरी कळत नाही.

आवाज वाढवून उपयोग नाही. त्याला ऐकू येतं. अक्षरं ताणूनही शब्द ओळखेनासे होतात. शब्द नेहमीच्या वेगाने म्हणा आणि दोन शब्दसमूहांमध्ये थांबा: "उद्या सकाळी… दहा वाजता… आधार कार्ड घेऊन या."

बोलताना आपण शब्द गिळतो हे आपल्या लक्षात येत नाही. वर्गात तो "काय करतो आहेस" शिकलेला असतो आणि बाहेर ऐकतो "काय करतोयस". "कुठे आहे"चं "कुठंय" होतं, "सांगितलं आहे"चं "सांगितलंय". सुरुवातीच्या दिवसांत पूर्ण रूप वापरा. दोन-तीन महिन्यांनी नेहमीसारखं बोलायला लागा, नाहीतर तुमच्याशिवाय कोणाचं बोलणं त्याला कळणार नाही.

एक गोष्ट टाळा: मोडकी मराठी बोलणं. "तू उद्या येणे, पैसा देणे" असं बोललं की सोपं होतं हा गैरसमज आहे. परक्यांशी बोलताना मुद्दाम भाषा मोडण्याची सवय जगभर आढळते. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात तिचा अभ्यास केला. शिकणाऱ्याला त्यातून चुकीचं वाक्य पाठ होतं, आणि आपल्याला कमी लेखलं जातंय हेही त्याला समजतं.

पैशांचे आकडे ही वेगळी अडचण आहे. एकोणसाठ, अडुसष्ट, त्र्याण्णव हे प्रत्येक सुटं सुटं पाठ करावं लागतं. त्यावर सव्वाशे, दीडशे, पावणेदोनशे, अडीचशे. हिंदीवाल्यांना सवा, डेढ़, पौने ठाऊक असतात, दक्षिणेतल्या माणसांना नसतात. आकडा तोंडाने सांगा आणि मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दाखवाही: पावणेदोनशे, १७५.

६. चूक लगेच सुधारावी की सोडून द्यावी?

एका संभाषणात एकच चूक, तीही अर्थ बदलणारी. "चहा झाली का?" असं कोणी विचारलं तर अर्थ पोहोचला; उत्तर द्या, "हो, चहा झाला." "काल येतो" म्हटलं आणि त्याला उद्या म्हणायचं असेल तर मात्र तिथेच थांबवा, कारण हिंदीत दोन्हींना "कल" म्हणतात आणि भेट चुकते. "आपण जाऊ" आणि "आम्ही जातो" यांतही गोंधळ होतो: तुम्ही सोबत आहात की नाही, हे त्यावर ठरतं.

सुधारण्याची पद्धत महत्त्वाची. रॉय लिस्टर आणि लैला रान्टा यांनी १९९७ साली कॅनडातील फ्रेंच माध्यमाच्या प्राथमिक वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुलांचं वाक्य बरोबर करून परत म्हणणं, हीच शिक्षकांची सगळ्यांत आवडती पद्धत होती, पण मुलं तिला सगळ्यांत कमी प्रतिसाद देत होती. दुरुस्ती झाली हेच पुष्कळदा कळत नसे. म्हणून महत्त्वाच्या चुकीसाठी पर्याय विचारा: "काल की उद्या?" मग तो स्वतः दुरुस्त करतो. किरकोळ चुकीसाठी बरोबर रूप आपल्या उत्तरात सहज येऊ द्या आणि पुढे चला.

चारचौघांत सुधारू नका. ग्राहकासमोर, साहेबासमोर, मुलांसमोर तर अजिबात नाही.

७. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या का असतात? एकाला ळ जमत नाही, दुसऱ्याला लिंग.

आपापल्या भाषेतून ते मराठीत येतात म्हणून. कारण माहीत असलं की राग येत नाही.

हिंदी बोलणारा "मीने काम केला" म्हणतो. "मैंने" मधला "ने" त्याने इमानदारीने आणलेला असतो. मराठीत तो "त्याने"ला लागतो, "मी"ला लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून "माझा घर", "पाणी आला", "माझी पुस्तक". प्रमाण हिंदीत ळ नाही, म्हणून "शाळा"चं "शाला" आणि "केळं"चं "केला". राजस्थानी आणि हरियाणवी बोलणाऱ्यांना ळ सहज येतो.

तमिळ आणि मल्याळम बोलणाऱ्यांचा ळ आपल्यापेक्षाही ठसठशीत असतो, आणि "आम्ही–आपण" हा भेदही त्यांच्याकडे आहे. निर्जीव वस्तूला लिंग का असावं, हे त्यांना पटत नाही. तमिळ लिपीत क, ख, ग, घ यांना एकच अक्षर असल्यामुळे तमिळ माणसाच्या तोंडी "घर"चं "गर" किंवा "कर" होऊ शकतं. बंगाली बोलणाऱ्याच्या भाषेत व्याकरणातलं लिंगच नाही, आणि व व ब मध्ये तो फरक करत नाही. गुजराती माणसाकडे तिन्ही लिंगं आणि ळ दोन्ही आहेत, त्याचं लवकर जमतं.

च, ज, झ यांच्या दोन उच्चारांपुढे बहुतेक जण हरतात. "चार" आणि "चारा", "माझी" आणि "माझा": लिहिताना अक्षर एकच, उच्चार वेगळे. नियम सांगून फार उपयोग होत नाही. ऐकून ऐकूनच बसतो. यासाठी कोणाला अडवू नका.

८. मी वयाने मोठी आहे आणि तो मला "तू" म्हणतो. हे कसं चालवून घ्यायचं?

चालवून घेऊ नका, पण अपमान समजू नका. इंग्रजीतून मराठी शिकलेल्याला "यू" एकच माहीत असतं. शिवाय मराठीत मुलं आईला "तू" म्हणताना ऐकून पुष्कळ जण "तू" सगळ्यांना चालतं असं समजतात. हिंदी बोलणारा कधी "आप"साठी "आपण" वापरतो, आणि तुम्हाला कळत नाही की तो तुमच्याबद्दल बोलतोय की दोघांबद्दल. "तुम्ही ये", "तुम्ही बस" हीही नेहमीची सरमिसळ.

एकांतात एकदा सांगा: "मोठ्यांना तुम्ही म्हणतात. या, बसा, घ्या, सांगा." ही चार क्रियापदं पाठ झाली की बरंचसं काम होतं. शंका असेल तिथे सगळ्यांना "तुम्ही" म्हणायला सांगा. लहान मुलाला "तुम्ही" म्हटलं तर फार तर कौतुक होतं. आजोबांना "तू" म्हटलं तर सोयरीक बिघडते.

९. आमची सून अमराठी आहे. घरात सगळे मराठी बोलतो, तरी ती गप्पच असते.

सहा माणसं एकाच वेळी, अर्धी वाक्यं टाकत, जुन्या आठवणींवर बोलतात, तेव्हा नवीन शिकणारीला काहीच हाती लागत नाही. वाक्य पकडेपर्यंत विषय बदललेला असतो. घरातल्या एकाने रोज वीस मिनिटं तिच्याशी एकटीशी मराठी बोलावं, शक्यतो हाताला काम असताना: भाजी निवडताना, कपडे घडी घालताना. समोर वस्तू असते, शब्द चिकटतो. तिथे "ही मेथी निवड, जाड देठ काढून टाक" असं साधं बोलणं पुरेसं आहे. जेवताना कोणीतरी मध्येच एका वाक्यात विषय सांगावा: "काकांच्या जमिनीचं बोलतोय."

पाहुण्यांसमोर "बोल ना मराठी, ऐकव ना" हे बंद करा. प्रेमाने म्हटलेलं असतं, पण ती परीक्षा होते. तिच्या उच्चाराची नक्कलही नको, नवऱ्याने तर मुळीच नको. हसू आलंच तर लगेच कशाचं ते सांगा, नाहीतर तिला वाटतं सगळंच चुकलं. पहिले काही महिने तुम्ही मराठीत बोला आणि तिला हिंदीत किंवा इंग्रजीत उत्तर देऊ द्या.

१०. घरकामाला येणाऱ्या ताईंना आणि वॉचमनला लिहिता-वाचता येत नाही. त्यांना कसं शिकवणार?

कानाने. वही, तक्ते, मुळाक्षरं बाजूला ठेवा. सुटे शब्द देण्यापेक्षा कामातली अख्खी वाक्यं द्या: "कोणाकडे जायचंय?", "इथे सही करा", "साहेब घरी नाहीत", "पार्सल आलंय". एका आठवड्यात पाचपेक्षा जास्त नको. व्हॉट्सॲपवर आवाजात पाठवा. तो निरोप दहादा ऐकता येतो. बारा तासांच्या ड्यूटीच्या शेवटी शिकवू नका, थकलेल्या डोक्यात काही राहत नाही. ड्यूटी सुरू होतानाची पाच मिनिटं चांगली.

११. आम्ही घरी वऱ्हाडी बोलतो. शिकणाऱ्याशी पुस्तकी मराठी बोलावी का?

नाही, आपली बोला. नागपुरात राहणाऱ्याला "जाऊन राहिलो" कळलंच पाहिजे. पुस्तकात वेगळं आहे असं त्याने दाखवलं तर दोन्ही बरोबर आहेत, एवढं सांगा.

१२. कोणत्या वेळी मराठीचा आग्रह धरू नये?

औषध, पैसे, कायदा आणि धोका. इथे प्रश्न ३ मधलं सगळं बाजूला ठेवा आणि त्याला सगळ्यांत चांगली येणारी भाषा वापरा, गरज असेल तर दुभाष्या बोलवा.

दवाखान्यात "उपाशीपोटी" आणि "दिवसाआड" हे शब्द हमखास घोटाळा करतात. "दिवसाआड" हा शब्द ओळखीचा नसेल तर त्यातलं "दिवस" तेवढं ऐकू येतं, आणि गोळी रोज घेतली जाते. "समजलं का?" असं विचारू नका, मान सगळेच हलवतात. म्हणा, "गोळ्या कशा घेणार ते मला सांगा." लहान मुलाला दुभाष्या करू नका, आईचं दुखणं त्याने सांगणं योग्य नाही, आणि ते अर्धं गाळतं.

पोलीस ठाण्यात तक्रार लिहून झाल्यावर ती तक्रारदाराला वाचून दाखवायची असते. ती मराठीत लिहिली असेल तर सोबतच्या माणसाने त्याच्या भाषेत अर्थ सांगावा, मगच सही. भाडेकरार आणि बँकेचे कागद यांनाही हेच लागू.

१३. दहा वर्षं झाली इथे राहून, अजून मराठी नाही. तरीही धीर धरायचा?

आधी पाहा की त्याला समजतं का. पुष्कळदा सगळं समजतं, फक्त बोलता येत नाही. गावाकडच्या लोकांसोबत खोलीत राहणं, त्यांच्यासोबतच साइटवर काम, बाकी सगळे हिंदीत बोलणारे: अशा दहा वर्षांत मराठी बोलायचे प्रसंग एका वर्षाइतकेही येत नाहीत. त्याच्याशी मराठीतच बोला, त्याने हिंदीत उत्तर दिलं तरी चालेल. कित्येकांची जीभ अशीच सुटते, आधी "हो", "नको", "झालं", मग वाक्य.

काहींना शिकायचंच नसतं, हेही खरं. आपल्या भाषेचा आदर व्हावा ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती शांतपणे, स्पष्ट शब्दांत सांगता येते. दमदाटीने मात्र माणूस चार वाक्यं पाठ करतो आणि मराठी बोलणाऱ्यांपासून लांब राहू लागतो. मारहाणीने तर जो शिकू पाहत होता तोही गप्प होतो.

१४. आमची मुलगी लग्नानंतर जर्मनीला गेली. तिला तिथे बोलताना रडू येतं. आम्ही इथून काय करू शकतो?

जोडीदाराच्या व्हिसासाठी जर्मनी साधारणपणे ए१, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीचं जर्मन मागते, काही प्रकारांत सूट असते. पुण्या-मुंबईत मॅक्स म्युलर भवनात शिकून, परीक्षा पास होऊन मुली जातात, आणि तिथल्या बेकरीत पाव मागितला की समोरची बाई इंग्रजीत उत्तर देते. प्रश्न ३ चीच ही दुसरी बाजू. तिला एक वाक्य पाठ करायला सांगा: मला जर्मन शिकायचं आहे, कृपया जर्मनमध्येच बोला. हे जर्मनमध्ये म्हटलं की बहुतेक जण थांबतात. फोनवर "अजून येत नाही का?" विचारू नका. आज कोणाशी बोललीस, एवढं विचारा.

१५. मी मराठीतच बोलत राहिले, पण तीच म्हणाली, "प्लीज, हिंदी में बोलिए." आता?

लगेच हिंदीत बोला, नाराजी न दाखवता. ती थकली असेल, घाईत असेल, किंवा विषय तिच्या मराठीबाहेरचा असेल. दिवसभर परक्या भाषेत बोलल्यावर संध्याकाळी डोकं खरंच चालत नाही. काम संपल्यावर निरोपाचं एक वाक्य मराठीत ठेवा: "चला, उद्या भेटू." आणि पुढच्या भेटीत पहिलं वाक्य पुन्हा मराठीत. तिने परत हिंदी मागितली तर परत हिंदी. कुठल्या वेळी कोणती भाषा चालेल हे तिला एकदा विचारून ठेवलंत तर आणखी चांगलं, पुष्कळ जण सांगतात, "सकाळी मराठी, संध्याकाळी हिंदी."